धरणाखालचे ट्राउट

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातली व्हाइट नदी मुळात कोमट पाण्याची. ट्राउट तिथला मासाच नव्हे. 1951 साली बुल शोल्स धरण पूर्ण झालं आणि जलाशयाच्या तळाचं गार पाणी टर्बाइनमधून खाली येऊ लागलं. जुन्या माशांना ते मानवेना, म्हणून ट्राउट सोडले गेले. ब्राउन ट्राउटची वीण आता तिथे आपसूक होते.

थोराड ब्राउनवर गळ टाकायला जाणकार ऐन हिवाळा धरतात. कडाक्याच्या गारठ्यात जलाशयातले थ्रेडफिन शॅड हे लहान मासे मरतात, टर्बाइनमधून वाहून येतात आणि ट्राउटची चंगळ होते. (दर वर्षी होईलच असं नाही.) अशा वेळी दोरीला पिसा-केसांची पांढरी, लांबट फ्लाय, म्हणजे नकली आमिष, बांधावी.

विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं आणि गुडघाभर पात्र बघता बघता छातीला लागतं. तेव्हा हवामानाआधी विसर्गाचं वेळापत्रक पाहावं. शरदाच्या अखेरीस विणीला आलेल्या माशांवर गळ टाकणं मात्र निव्वळ लबाडी.

व्हाइटला मिळणाऱ्या लिटल रेड नदीत, तीही धरणाखालचीच, 1992 मध्ये 40 पौंड 4 औंसांचा ब्राउन निघाला. तो फ्लायवर नव्हे, जिगवर, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळावर.