संग्रह, साठा आणि १२८ बाइट

२६ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो या लहानशा शहराच्या जुन्या कचरा डेपोत खोदकाम चालू होते. वाळूचे वादळ उठलेले असतानाही शेकडो माणसे ते पाहण्यासाठी जमली होती. मातीखालून निघाल्या त्या व्हिडिओ गेमच्या चेपलेल्या, कुबट वासाच्या कॅसेट. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये अटारी कंपनीने आपला न खपलेला माल ट्रकमधून येथे आणून पुरला होता आणि वर काँक्रीट ओतले होते. कंपनीच्या एका माजी व्यवस्थापकाच्या सांगण्यानुसार पुरलेल्या कॅसेटची संख्या ७,२८,००० होती. त्यांपैकी सुमारे १,३०० वर काढण्यात आल्या. पुढे शहराने त्यांतील बऱ्याचशा लिलावात विकल्या आणि एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा केली. एक कॅसेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात दाखल झाली.

ज्या मालाला एकेकाळी गिऱ्हाईक मिळाले नाही, त्याच मालावर ३१ वर्षांनी बोली लागली. पेढीवर वाढलेल्या कोणालाही येथे प्रश्न पडेल की, मधल्या काळात मालात असे काय बदलले? मालाची तर मातीखाली दुर्दशाच झाली होती. बदलली ती त्याच्याकडे पाहणारी नजर. साठ्याचा संग्रह झाला. या दोन शब्दांतील अंतर समजून घ्यायचे, तर जुन्या खेळयंत्रांच्या छंदाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

साठा कसा बुडाला

अटारीचे प्रसिद्ध यंत्र १९७७ मध्ये बाजारात आले. १९८२ पासून ते ‘अटारी २६००’ या नावाने ओळखले जाऊ लागले. टीव्हीला जोडायचे, खाचेत कॅसेट बसवायची आणि खेळायचे, अशी त्याची साधी रीत होती. १९८२ मध्ये आलेल्या ‘पॅक-मॅन’च्या कॅसेट सुमारे ७० लाख खपल्या, तरीही त्याहून अधिक बनवून ठेवल्यामुळे माल शिल्लक राहिलाच. त्याच वर्षीच्या नाताळसाठी ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर खेळ हवा होता. एरवी अशा खेळाला कित्येक महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळ वेळेवर तयार झाला, पण लोकांच्या मनात भरला नाही.

त्याच सुमारास नफ्याच्या आशेने अनेक नव्या कंपन्या या धंद्यात उतरल्या होत्या. दुकाने मालाने ओसंडून वाहू लागली. कंपन्या बुडाल्या तेव्हा दुकानदारांना माल परत करायलाही कोणी उरले नाही. त्यांनी मिळेल त्या भावाने कॅसेट काढून टाकल्या आणि स्वस्त मालाच्या त्या ढिगाने चांगल्या खेळांचाही भाव पाडला. अमेरिकेतील या व्यवसायाची उलाढाल १९८३ मध्ये तीन अब्ज डॉलरच्या वर होती. १९८५ मध्ये ती सुमारे दहा कोटींवर आली. मागणीचा अंदाज न घेता भरलेले कोठार कसे अंगावर येते, याचा हा धडा आजही ताजा आहे.

नाव कोणाचे?

या पडझडीच्या आधीच अटारीत आणखी एक हिशेब चुकला होता. खेळ रचणाऱ्याचे नाव कॅसेटवर कोठेही छापले जात नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ रचला, तेव्हा त्यात एक गुप्त खोली ठेवली. एक बारीकसा राखाडी ठिपका शोधून योग्य जागी नेला, तरच तेथे पोहोचता येई. खोलीत दुसरे काही नव्हते, फक्त त्याचे नाव झळकत होते. त्याने ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. १९८० मध्ये एका शाळकरी मुलाच्या पत्रामुळे कंपनीला तिचा पत्ता लागला, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेलेला होता.

डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी वेगळा मार्ग धरला. क्रेन यांनी पुढे सांगितल्यानुसार, कंपनीच्या एकूण विक्रीचा मोठा वाटा आपल्या खेळांचा आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी वरिष्ठांकडे श्रेय आणि वाटा मागितला. कॅसेट जुळवणाऱ्या कामगाराइतकेच तुमचेही महत्त्व, असे उत्तर मिळाले. १९७९ मध्ये चौघे बाहेर पडले आणि त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ कंपनी उभी केली. तिच्या खेळांवर रचनाकाराचे नाव छापले जाऊ लागले. पुढे क्रेन यांचा ‘पिटफॉल’ हा खेळ चाळीस लाखांहून अधिक खपला. कसबी माणसाचे मोल ओळखण्यात झालेली चूक वहीखात्यात कोठेही दिसत नाही. ती दिसते समोर उभ्या राहिलेल्या स्पर्धकाच्या रूपाने.

१२८ बाइटचा संसार

अटारी २६०० ची कामचलाऊ स्मृती फक्त १२८ बाइट आहे. मोबाइलवरील साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. त्याहूनही कमी जागेत खेळाडूची स्थिती, शत्रूची चाल, गुण आणि उरलेले ‘जीव’, असा सारा संसार मांडायचा. मूळ रचनेत कॅसेटची मर्यादा चार किलोबाइटची होती.

त्याहून कठीण गोष्ट निराळीच आहे. आजचे यंत्र संपूर्ण चित्र आधी स्मृतीत साठवते आणि मग पडद्यावर पाठवते. या यंत्रात चित्र साठवायला जागाच नाही. जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेघ ओढत खाली येतो. ती रेघ ओढली जात असतानाच तिच्यात काय दिसावे हे प्रोग्रामला सांगावे लागते. एका रेघेच्या अवधीत प्रोसेसरचे ७६ ठोके पडतात आणि एकेक सूचना दोन ते सात ठोके घेते. म्हणजे रेघेमागे वीस-पंचवीस सूचना. एक ठोका चुकला की चित्र विस्कटते. निक मॉन्टफर्ट आणि इयन बोगोस्ट यांनी २००९ मध्ये या यंत्रावर लिहिलेल्या ग्रंथाचे नावच मुळी या झोताशी लागणाऱ्या शर्यतीवरून ठेवले आहे.

या अडचणीतून जे कौशल्य जन्मले, त्याचा उत्तम नमुना म्हणजे ‘पिटफॉल’. त्यातील जंगलाचे २५५ पडदे कॅसेटमध्ये साठवलेले नाहीत, ते मावलेही नसते. क्रेन यांनी एक छोटे गणिती सूत्र रचले. एका पडद्याच्या आकड्यातून पुढच्या पडद्याचा आकडा निघतो आणि त्यावरून खड्डे, ओंडके व झाडे कोठे असावीत हे ठरते. सारे जंगल काही मोजक्या बाइटमध्ये मावले, कारण तेथे जंगलाऐवजी ते उगवण्याचा नियम ठेवला होता.

जुन्या यंत्रासाठी नवे खेळ

अटारी २६०० चे उत्पादन १९९२ च्या आरंभी थांबले. व्यापाराच्या हिशेबाने तेथे खाते मिटले. पण १९९५ मध्ये एड फेडरमायर यांनी स्वतः लिहिलेला नवा खेळ कॅसेटवर उतरवून छंदिष्टांना दिला. त्यानंतर ही परंपरा खंडित झालेली नाही.

आज हे काम करणारा प्रथम आपल्या नेहमीच्या संगणकावर असेम्ब्ली भाषेत प्रोग्राम लिहितो. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या ‘स्टेला’ नावाच्या मोफत प्रोग्रामवर तो तपासतो. मग मेमरी कार्ड बसणाऱ्या खास कॅसेटमधून तो खऱ्या यंत्रावर आणि जमल्यास काचेच्या जुन्या टीव्हीवर चालवून पाहतो. शेवटी कॅसेट तयार होते, तिच्यावर चित्र चिकटते, सोबत माहितीपुस्तिका येते. अशा कॅसेट बहुधा थोड्याच खपतात. तासांच्या हिशेबाने मजुरी काढली, तर हाती फारसे काही उरत नाही. मात्र खेळावर रचनाकाराचे नाव ठळक असते. रॉबिनेटला जे लपवावे लागले, ते येथे उघड अभिमानाने छापले जाते.

या मंडळींत एड फ्राइज यांचे नाव विशेष. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्रासाठी खेळ प्रकाशित करणाऱ्या विभागाचे ते उपाध्यक्ष होते. अफाट क्षमतेच्या यंत्रांचा व्यवहार सांभाळलेल्या या माणसाने नोकरी सोडल्यानंतर, २०१० मध्ये, ‘हेलो’ या बड्या खेळाचे रूप चार किलोबाइटमध्ये बसवले. ‘हेलो २६००’ हा तो खेळ २०१३ मध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकी कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला. बाजारालाही याची दखल घ्यावी लागली. २०२३ मध्ये आजच्या अटारी कंपनीने जुन्या कॅसेट चालतील असे नवे यंत्र विक्रीस आणले.

किंमत आणि मोल

याच छंदाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. ही प्रत कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असते, तिला दर्जाचा आकडा दिलेला असतो. ती उघडली की किंमत कोसळते, म्हणून ती कधीच खेळली जाणार नाही. भाव चढतात तेथे बनावट मालही येतो. त्यामुळे जाणकार संग्राहक कॅसेटचा स्क्रू काढून आतील पट्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही.

न वापरता, केवळ भाव चढण्याची वाट पाहत ठेवलेली वस्तू कपाटात असली, तरी ती साठाच होय. संग्रह तो, ज्यातून काही शिकता येते आणि पुढच्याला देता येते. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. ते टिकले तर ग्रंथालये, संग्रहालये आणि छंदिष्ट यांच्या जतनामुळेच टिकतील. यंत्र संग्राहक राखील, पण त्यासाठी लिहिण्याची विद्या राखायची तर कोणीतरी नवा खेळ लिहीत राहिलाच पाहिजे. विद्या वापरातूनच टिकते.

आपल्याकडे १९९० च्या दशकात अनेक घरांत निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला आल्या होत्या. एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचा दावा करणारी ती वेष्टणे पुष्कळांच्या आठवणीत असतील. असे यंत्र माळ्यावर असेल, तर भंगारात देण्यापूर्वी थोडे थांबावे. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारण्याची जुनी सवय मात्र सोडावी, कारण श्वासातील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्या हलकेच पुसाव्यात. अडॅप्टर मूळचा नसेल, तर त्याचे व्होल्टेज आणि धन-ऋण टोके जुळतात याची खात्री करूनच वीज द्यावी. मग ते यंत्र नातवंडांच्या हाती द्यावे, आणि त्यांतील एखाद्याने हे आत कसे चालते असे विचारले, तर त्याला स्क्रू ड्रायव्हरही द्यावा.