मैदानावरची मैफल

गाणे ऐकावयास किती माणसे जमावीत, याला पूर्वी एक नैसर्गिक मर्यादा होती. गायकाचा आवाज जेथवर पोहोचेल तेथवरच श्रोते बसत. त्यापलीकडे बसून उपयोग नसे. वाड्याच्या दिवाणखान्यात पन्नास-साठ माणसे दाटीवाटीने मावत, देवळाच्या सभामंडपात त्याहून काही अधिक. नाटकगृहातील नटाचे काम सर्वांत कठीण. शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकालाही पदाचा शब्दन्‌शब्द कळला पाहिजे, म्हणून त्याला आपला आवाज वर्षानुवर्षे कमवावा लागे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा नटाच्या मदतीला ना ध्वनिग्राहक होता, ना ध्वनिक्षेपक. होता तो केवळ गळा.

त्याच पुणे शहरात ३० जानेवारी २०२५ रोजी एका इंग्रज गायकाची मैफल झाली. गायकाचे नाव एड शीरन. बिबवेवाडीच्या यश लॉन्स नावाच्या मोकळ्या मैदानावर हजारो श्रोते जमले होते. त्यांत महाविद्यालयातील तरुण-तरुणी अधिक. परदेशातील गायकाची गाणी त्यांनी मोबाइलवर वारंवार ऐकली होती. आता ती त्याच्याच तोंडून ऐकावयाची होती. मंच जेथे उभारला होता तेथून मैदानाच्या मागील कडेला उभ्या असलेल्या माणसाला गायक करंगळीएवढा दिसावा, इतके अशा मैफलीतील अंतर असते. तरीही गाण्यातील हलका उसासा त्या माणसाच्या कानी पडतो. हे कसे घडते, ते समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम गायकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. शीरन यांचा जन्म १९९१ सालचा. त्यांनी आपल्या अल्बमांना, म्हणजे गीतसंग्रहांना, जी नावे दिली ती ऐकून शाळकरी मुलांना मोठी मौज वाटेल. २०११ सालच्या पहिल्या अल्बमाचे नाव ‘अधिक’. नाव अक्षरांत लिहिलेले नव्हे. वेष्टनावर नुसते बेरजेचे चिन्ह. त्यानंतर २०१४ मध्ये गुणाकार, २०१७ मध्ये भागाकार, २०२१ मध्ये बरोबर आणि २०२३ मध्ये वजाबाकी अशी चिन्हे आली. म्हणून २०२२ च्या एप्रिलमध्ये आयर्लंडमधील डब्लिन शहरातून त्यांनी जो जगाचा दौरा आरंभिला, त्याला ‘गणित’ असेच नाव दिले. वहीतील गणित ज्यांना छळते, त्यांनाही हे गणित गोड वाटले असावे!

नवे गाणे घेऊन गावोगाव हिंडावयाचे, ही रीत मराठी माणसाला नवी नाही. किर्लोस्कर, गंधर्व इत्यादी नाटक मंडळ्या नवे नाटक बसले की पडदे, पेट्या, पोशाख आणि आचारी यांसह मुक्कामामागून मुक्काम करीत. तमाशाचे फड अजूनही जत्रांच्या हंगामात तसेच फिरतात. पाश्चात्त्य गायकांच्या दौऱ्यांमागे मात्र अलीकडे एक वेगळे कारण आले आहे. पूर्वी गाण्याच्या तबकड्या आणि फिती विकल्या जात व त्यांवर गायकाचा चरितार्थ चाले. दौरा तबकडीच्या जाहिरातीसाठी असे. आता गाणे मोबाइलवर ऐकले जाते, आणि एकदा ऐकल्याबद्दल रुपयाचाही लहानसा अंशच गाणे निर्मिणाऱ्यांच्या पदरी पडतो. त्यामुळे गाडी उलटी झाली आहे. नवा अल्बम हाच जणू मैफलीची दवंडी झाला असून पोट मैफलीच्या तिकिटांवर भरते. तिकिटे महाग असण्याचे हे एक कारण होय. ज्याच्या खिशाला ती परवडत नाहीत त्याने मैदानाच्या भिंतीबाहेर उभे राहून ऐकावे, हे काही न्यायाचे वाटत नाही. पण आजची वहिवाट अशी आहे खरी.

शीरन यांची खरी करामत पुढेच आहे. ते बहुतेक गाणी एकट्यानेच सादर करतात. हातात गिटार आणि पायाशी एक यंत्र, एवढाच सरंजाम. ह्या यंत्राला लूप यंत्र म्हणतात. गायक गिटारच्या लाकडी अंगावर बोटांनी ठेका धरतो आणि त्याच वेळी पायाने यंत्रावरील एक खटका दाबतो. यंत्र तो चार-आठ मात्रांचा ठेका टिपून घेते आणि पुनःपुन्हा वाजवू लागते. आता हात मोकळे झाले. मग गायक त्या ठेक्यावर गिटारच्या तारा छेडतो. तेही यंत्र टिपते. नंतर एक सूर गातो, त्याहून वरचा दुसरा सूर गातो. यंत्र त्यांचीही भर घालते. पाहता पाहता एका माणसाचा वाद्यवृंद उभा राहतो, आणि त्यावर तो मूळ गाणे गाऊ लागतो.

आपल्या संगीतातही पुनरावृत्तीचा आधार आहेच. तबल्याचे एकल वादन चालू असता सारंगीवर किंवा पेटीवर एकच लहानशी सुरावट सारखी वाजत राहते. तिला लेहरा म्हणतात. तबलजीने कितीही अवघड तुकडा वाजवला, तरी लेहरा धरणारा आपली वाट सोडत नाही. लूप यंत्र हा न थकणारा लेहरेकरी होय. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. माणूस लेहरा धरतो तेव्हा वादकाची लय किंचित पुढे सरली तर तोही सावधपणे तिच्याबरोबर सरतो. चूक झालीच तर पुढल्या आवर्तनात ती सुधारतो. यंत्राजवळ असे तारतम्य नाही. खटका क्षणभर उशिरा दाबला गेला, तर तीच चूक दर आवर्तनाला हजारो श्रोत्यांपुढे वाजत राहते, आणि ती पुसून पुन्हा आरंभ करण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा यंत्र आल्याने कष्ट वाचले असे कोणी समजू नये. तालाची परीक्षा उलट अधिक कडक झाली आहे.

आता आवाजाच्या प्रवासाकडे वळू. गायकाच्या मुखासमोरील ध्वनिग्राहकात एक पातळ पडदा असतो. हवेतील कंपनांनी तो थरथरतो व त्या थरथरीनुसार विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह यंत्रांनी शतपटींनी वाढवून ध्वनिक्षेपकांना दिला जातो, आणि त्यांचे मोठे पडदे हवेला पुन्हा कंपायमान करतात. परंतु एवढ्याने काम भागत नाही. सर्व ध्वनिक्षेपक मंचावर ठेवून जोराने वाजवले, तर पुढे उभे असलेल्यांचे कान बधिर होतील आणि मागे असलेल्यांना मात्र अस्पष्ट गोंगाट ऐकू येईल. म्हणून मंचाच्या दोन्ही बाजूंस ध्वनिक्षेपकांच्या उभ्या माळा टांगतात. खालच्या टोकाशी माळ किंचित वाकवलेली असते. अशा उभ्या माळेतून आवाज डावी-उजवीकडे पसरतो, पण वर आकाशात किंवा खाली जमिनीवर फारसा वाया जात नाही. त्याचा जोर सरळ दूरच्या श्रोत्यांकडे जातो.

मैदान फारच लांब असेल तर मध्यावर आणखी ध्वनिक्षेपक उभारावे लागतात, आणि येथेच एक गमतीदार अडचण निर्माण होते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विजेला मात्र तारेतून तेवढे अंतर जाण्यास जाणवण्याइतकाही वेळ लागत नाही. समजा, मधले ध्वनिक्षेपक मंचापासून १०२ मीटरांवर आहेत. त्यांच्यातून गाणे ताबडतोब बाहेर पडेल. पण मंचाकडून येणारा तोच सूर हवेतून तेथे पोहोचावयास १०२ भागिले ३४०, म्हणजे ०.३ सेकंद लागेल. तेथील श्रोत्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. यावर उपाय असा, की मधल्या ध्वनिक्षेपकांना मुद्दाम तेवढेच थांबवून ठेवावयाचे. मंचावरचा सूर चालत चालत जवळ आला, की हे ध्वनिक्षेपकही त्याच्या सुरात सूर मिळवतात. दूरच्या माणसाला मात्र मोठ्या पडद्यावर गायकाचे ओठ हललेले आधी दिसतात आणि शब्द मागाहून येतो, कारण प्रकाशाला कोणी थांबवलेले नसते. वीज आधी चमकते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, तोच हा प्रकार.

पुण्यात मोठ्या मंडपातील गाण्याची सवय फार पूर्वीपासून आहे. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून गुरूंच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. अनेक वर्षे तो रमणबागेच्या शाळेच्या पटांगणावर भरे. २०१८ पासून तो मुकुंदनगरात भरू लागला. त्या मंडपातही श्रोते हजारोंनी असतात आणि ध्वनिक्षेपकही असतात; पण त्यांचे काम निराळे. किराणा घराण्याचा गायक खर्जातील एखादा स्वर अगदी अलगद लावतो. तो मागे सतरंजीवर बसलेल्याला ऐकू जावा, आणि तरीही अलगदच वाटावा, हे साधणे आवाज मोठा करण्यापेक्षा अवघड आहे. येथे श्रोते बसून ऐकतात, एखाद्या जागेला मान डोलावतात, ‘वा!’ म्हणतात. शीरन यांच्या मैफलीत श्रोते उभे असतात आणि गायकाबरोबर स्वतःच गाऊ लागतात. ह्यांपैकी एक रीत सभ्य आणि दुसरी असभ्य असे मानण्याचे कारण नाही. कीर्तनात बुवांच्या मागे सगळा समाज गातो, तेव्हा त्याला कोणी असभ्य म्हणत नाही.

पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. मध्यरात्रीनंतर मालकंस, पहाटे ललित किंवा भैरव असे राग त्या त्या प्रहरी ऐकावयास मिळत. अंगावर शाल ओढून, मधूनच चहा घेऊन लोक उजाडेपर्यंत बसून राहत. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाविषयी नियम केले. त्यांप्रमाणे रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातील फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, त्यापुढे नाही. रात्रभराच्या मैफली त्यामुळे थांबल्या. रसिकांना याचे दुःख झाले, आणि ते खरेच होते. पहाटेचा राग रात्री नऊला ऐकण्यात ती गोडी नाही. परंतु मैदानाशेजारच्या घरात एखादा आजारी माणूस असतो, तान्हे मूल असते, दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसणारा विद्यार्थी असतो. त्यांनी तिकीट काढलेले नसते, तरी गाणे त्यांच्या उशाशी येऊन बसते.

रात्री आवाज दूरवर जातो याचे कारणही ध्यानात घ्यावे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि वरची थंड. उष्ण हवेत आवाज अधिक वेगाने जातो. त्यामुळे त्याची वाट वर वळते व तो आकाशात निघून जातो. रात्री जमीन निवते, खालची हवा थंड होते व वरची तिच्या मानाने उबदार राहते. मग आवाजाची वाट खाली, पुन्हा जमिनीकडे वळते. पुण्यातील जानेवारीच्या निरभ्र रात्री तर ह्याला फारच अनुकूल. दुपारी जो ढोल चार गल्ल्यांपलीकडे ऐकू येत नाही, तोच रात्री एखाद्या लांबच्या वस्तीत स्पष्ट ऐकू येतो, तो यामुळेच.

शेजाऱ्यांची झोप जशी मोलाची, तसे श्रोत्यांचे कानही. कानाच्या आत शंखाकृती भागात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. जन्मतः एका कानात त्या सुमारे पंधरा हजार असतात. आवाजाच्या लाटांनी त्या वाऱ्यावरील गवतासारख्या डोलतात आणि मेंदूला संदेश देतात. अतिशय मोठ्या आवाजाने त्या मोडतात. आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मैफल संपल्यावर घरी जाताना कानांत बराच वेळ ‘कुंई’ असा आवाज येत राहिला, तर ती गाण्याची आठवण नव्हे, कानाची तक्रार असते. आवाजाची तीव्रता डेसिबल ह्या मापाने मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा मैफलींसाठी सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली, आणि श्रोत्यांना कानांत घालावयाचे बोळे मिळावेत व थोडा वेळ विसावण्यास शांत जागा असावी असेही सांगितले. मुलांनी ध्वनिक्षेपकाच्या माळेखाली कधीही उभे राहू नये. मैदानाच्या मध्यापाशी, जेथे आवाजावर नियंत्रण ठेवणारे तंत्रज्ञ आपली यंत्रे घेऊन बसतात, त्याच्या आसपास गाणे सर्वांत चांगले ऐकू येते. कारण ते तेथूनच ऐकून आवाज जुळवत असतात.

आणखी एक गोष्ट गर्दीची. एका चौरस मीटर जागेत दोन-तीन माणसे असली तर त्यांना हवे तसे हलता येते. तेवढ्याच जागेत सहा-सात माणसे कोंबली गेली, की कोणाचेही पाय स्वतःच्या इच्छेने पडत नाहीत. गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि मागचा एक धक्का लाटेसारखा पुढे जातो. म्हणून मैदानाचे कठडे घालून भाग पाडतात, आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटा निरनिराळ्या ठेवतात. सूज्ञ श्रोता आत येताच बाहेर जाण्याची वाट पाहून ठेवतो व सोबत्यांशी भेटण्याची जागा ठरवतो, कारण एवढ्या गर्दीत मोबाइल पुष्कळदा लागतच नाही.

शेवटचे गाणे झाले की श्रोते रिक्षा शोधू लागतात, आणि मंचावर दुसराच खेळ सुरू होतो. अशा दौऱ्यांत टांगलेल्या माळा उतरवतात, तारांची वेटोळी करतात, ध्वनिक्षेपक चाके लावलेल्या पेट्यांत भरतात आणि पेट्यांवर क्रमांक पाहून त्या वाहनांत चढवतात. कोणती पेटी आधी, कोणती नंतर, हे ठरलेले असते. जी वस्तू पुढल्या मुक्कामी सर्वांत आधी लागते, ती सर्वांत शेवटी चढवतात. पुण्यानंतर शीरन यांचा मुक्काम हैदराबादेस होता. तेथील मैफल २ फेब्रुवारीची; मध्ये दिवस दोनच. त्यापुढे चेन्नई, बंगळूर, शिलाँग आणि दिल्लीजवळील मैफल असा क्रम लागला होता.