वेगवान स्विच आणि साठवणीचा वेग

करंजाड्याहून पुण्याला निघालेल्या माणसाने खालापूरच्या टोलनाक्यावर दहा सेकंद वाचविली, तर दोन तासांच्या प्रवासात त्याला काय लाभले? काहीच नाही. परंतु नाक्यावर मैलभर रांग असेल, तर तोच नाका सारा प्रवास ठरवितो. संगणकांना त्यांच्या साठवणीशी जोडणाऱ्या जाळ्यातील स्विच हा असाच नाका होय. २०२० साली पनवेलजवळ योट्टाचे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले, आणि आता लहानशा पतसंस्थेलाही ‘वेगवान स्विच घ्यावा काय?’ हा प्रश्न पडू लागला आहे.

प्रथम हिशेब मांडू. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, आणि वाचकाचा दांडा योग्य जागी सरकण्यास सुमारे ८ मिलिसेकंद. म्हणजे एकूण १२,००० मायक्रोसेकंद. साधा स्विच ५ आणि वेगवान १ मायक्रोसेकंद घेतो असे धरले, तर जाता-येता बचत ८ मायक्रोसेकंदांची! पतसंस्थेच्या खिडकीपाशी खातेदार ताटकळत असेल, तर दोष स्विचचा नव्हे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार. एखाद्या भागाच्या सुधारणेचा लाभ त्या भागात जाणाऱ्या वेळेपुरताच असतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली दाखविलेले तत्त्व येथेही लागू पडते. मात्र तबकडीऐवजी शंभर मायक्रोसेकंदांत उत्तर देणारी एस.एस.डी. असेल, तर तीच बचत शंभरात सात-आठ भरते.

मोठ्या राशी वाहून नेण्याची गोष्ट निराळी. एखाद्या रुग्णालयाला रोज रात्री ९०० गिगाबाइट चित्रांची प्रत काढावयाची आहे. एक गिगाबिटच्या जाळ्यातून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जातात. म्हणजे दोन तास. दहा गिगाबिटचा स्विच आणि त्याला साजेशी जोडणी घेतली, तर विक्रेता बारा मिनिटे सांगेल. पण तबकडीच सेकंदाला २०० मेगाबाइट देत असेल, तर सव्वा तास लागणारच. पाऊण तास वाचला, हेही थोडके नव्हे. तसेच अनेक यंत्रे एकाच वेळी एकाच साठवणीकडे धावली की स्विचमध्ये रांग लागते. तेथे रुंद वाट खरोखर उपयोगी पडते.

राहता राहिले अंतर. येथील प्रत्येक नोंद त्याच क्षणी मुंबईच्या फोर्ट भागातही उमटावी असा आग्रह असेल आणि तार ५० किलोमीटर धरली, तर काचतंतूतून प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात; जाऊन-येऊन ५००. हा काळ कोणताही स्विच कमी करू शकत नाही.