हिपॅटायटिस बी : त्रास नाही, तरी तपासणी हवीच

रक्तदान शिबिरानंतर काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन येतो आणि ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह’ असल्याचे कळते. काहींना हे गरोदरपणातील तपासणीत समजते, तर काहींना शस्त्रक्रियेपूर्वी. ना ताप, ना कावीळ, ना भूक मंदावलेली. मग घरात दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. कोणी त्या व्यक्तीचे ताट-वाटी वेगळे काढते, तर कोणी ‘त्रास नाही ना, मग सोडून द्या’ म्हणते. दोन्ही चूकच, पण यकृताला महागात पडते ती दुसरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ३ कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. त्यातील बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

हा विषाणू सहा महिन्यांनंतरही रक्तात आढळला, तर आजार दीर्घकालीन मानला जातो. तो टिकणार की जाणार, हे बरेचसे संसर्गाच्या वेळच्या वयावर ठरते. प्रौढपणी संसर्ग झालेल्या १०० पैकी साधारण ९५ जणांचे शरीर विषाणूला हटवते. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या बाळांत चित्र उलटे असते. १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो मुक्काम ठोकतो. म्हणूनच चाळिशीत सापडलेला आजार अनेकदा जन्मापासूनचा असतो.

हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. त्याला हटवण्यासाठी आपली रोगप्रतिकारशक्ती त्या पेशींवर हल्ला करते आणि त्यातून सूज येते. ही झटापट वर्षानुवर्षे थांबत, पुन्हा पेटत चालते. त्यातून यकृतात व्रणासारखे कठीण तंतू साचतात. पुढे काहींना सिरॉसिस, तर काहींना यकृताचा कर्करोग होतो. यकृताची राखीव ताकद मोठी असल्याने कावीळ किंवा पोटात पाणी दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

त्यामुळे एका रिपोर्टवर निष्कर्ष काढता येत नाही. ‘एचबीएसएजी’ चाचणी विषाणू आहे एवढेच सांगते. तो किती आहे हे ‘एचबीव्ही डीएनए’ चाचणीतून, सूज ‘एसजीपीटी’तून आणि यकृताचा कडकपणा फायब्रोस्कॅनमधून कळतो. आज सगळे नॉर्मल असले तरी दोन वर्षांनी तसेच असेल असे नाही. पूर्वी अशा रुग्णाला ‘निरोगी वाहक’ म्हणत. या शब्दाने अनेकांना गाफील ठेवले. औषध लागत नसलेल्यांनीही डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारण सहा ते बारा महिन्यांनी तपासणी करावी. सिरॉसिस असलेल्यांनी किंवा घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये. या आजारात सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

सिरॉसिस झालेल्यांना आणि विषाणूबरोबर सूजही वाढलेल्यांना औषध लागते. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर यांपैकी रोज एक गोळी विषाणूची वाढ रोखते. मात्र त्याची मूळ प्रत यकृताच्या पेशींच्या केंद्रकात लपून राहते. म्हणून गोळ्या बहुधा अनेक वर्षे घ्याव्या लागतात. ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून त्या परस्पर बंद केल्यास विषाणू उसळून यकृत निकामी होण्याचीही भीती असते. केमोथेरपी, स्टिरॉइड किंवा रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू होणार असेल, तर हा आजार त्या डॉक्टरांना आधीच सांगावा. कावीळ ‘उतरवणारी’ माळ किंवा नाव नसलेली पुडी विषाणूला हात लावत नाही; उलट काही पुड्यांनी यकृतालाच इजा होते. दारू तर पूर्ण वर्ज्य.

आता ताट-वाटीचे. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्यातून हा आजार पसरत नाही. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. म्हणून रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे ठेवावेत, भांडी नव्हेत. जोडीदार, मुले, भावंडे, आई यांची तपासणी करावी आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लशीचे तीन डोस घ्यावेत. गरोदर स्त्री पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यावे. विषाणूचे प्रमाण फार असल्यास शेवटच्या तिमाहीत आईलाही गोळ्या दिल्या जातात. पुढे ती बाळाला अंगावर पाजू शकते.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी केल्यास जवळचे केंद्र कळते. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत. औषध आत्ता सुरू करायचे की थांबायचे, हे डॉक्टर ताज्या आकड्याइतकेच मागच्या आकड्यांकडे पाहून ठरवतात.