अर्धा कप छोट्या शेतकऱ्याचा

चहाचा मळा म्हटला की शेकडो एकरांची जमीन, मॅनेजरचा बंगला आणि पाठीवर टोपल्या घेतलेल्या मजूर बाया डोळ्यांपुढे येतात. असे मळे आहेतच. पण भारतात पिकणाऱ्या चहापैकी निम्म्याहून अधिक चहा आज छोट्या शेतकऱ्यांच्या पानापासून बनतो. 10.12 हेक्टरपर्यंत, म्हणजे 25 एकरांपर्यंत लागवड असलेल्याला चहा मंडळ छोटा उत्पादक मानतं. प्रत्यक्षात अनेकांकडे एक-दोन एकरच असतात. आसामात ही शेती 1970च्या दशकाच्या अखेरीस पसरू लागली. उत्तर बंगाल आणि निलगिरीतही असे हजारो शेतकरी आहेत. त्यांच्याबद्दलचे समज मात्र जुन्या मळ्यांच्या काळातलेच आहेत.

‘चहा महाग झाला की शेतकऱ्याला पैसे मिळतात.’

छोटा शेतकरी चहा विकत नाही, हिरवं पान विकतो. त्याच्याकडे कारखाना नसतो. खुडलेलं पान काही तासांत कारखान्यात पोचलं नाही, तर ढिगात तापतं, लाल पडतं आणि वाया जातं. कांदा चाळीत भरून भाव वाढायची वाट पाहता येते. चहाच्या पानाला ती सवलत नाही. म्हणून पान विकत घेणारा कारखाना, किंवा त्याच्यापर्यंत पान नेणारा दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागतो. एक किलो तयार चहाला साधारण साडेचार किलो पान लागतं. तयार चहाच्या विक्रीतला 65 टक्के वाटा शेतकऱ्याला आणि 35 टक्के कारखान्याला, असं सूत्र सरकारने आखून दिलेलं आहे. पण पावसाळ्यात पान उदंड येतं, कारखान्याच्या फाटकाशी गाड्यांच्या रांगा लागतात आणि भाव कोसळतो. त्या दिवशी सूत्र दाखवून पान खपत नाही.

‘छोट्यांचं पान हलकं असतं, औषधांनी भरलेलं असतं.’

हा आरोप पूर्ण खोटा नाही, पण त्यामागचं कारण कोणी सांगत नाही. चांगल्या चहाला दोन पानं आणि एक कळी लागते, त्यासाठी आठवड्याच्या आसपास फेरी मारून खुडणी करावी लागते. खुडणीची मजुरी हाच सगळ्यांत मोठा खर्च. भाव पडला की शेतकरी फेरी लांबवतो, पान जून होतं, जून पानाला भाव आणखी कमी मिळतो. फवारणीचंही तसंच. चहाचा ढेकूण आणि लाल कोळी आठवड्याभरात उभं पीक लुळं करतात, आणि सल्ला देणारा जवळचा माणूस बहुतेकदा औषधांचा दुकानदारच असतो. 2024 साली आसाममधल्या पान खरेदी करणाऱ्या कारखान्यांच्या संघटनेने 1 जूनपासून छोट्यांचं पान घेणं थांबवण्याचा इशारा दिला होता, तो औषधांच्या अंशांवरूनच. कोणती औषधं चालतात आणि फवारल्यावर किती दिवस खुडायचं नाही, हे चहा मंडळाच्या पीकसंरक्षण नियमावलीत लिहिलेलं आहे. ते बांधावर येऊन समजावणारा माणूस हवा.

‘सगळं सेंद्रिय केलं की झालं.’

बहुवर्षायू पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी तीन वर्षं लागतात. त्या काळात उत्पन्न घटतं, आणि पान नेहमीच्या कारखान्यातच गेलं तर भाव नेहमीचाच मिळतो. स्वतंत्र खरेदीदार ठरल्याशिवाय एकट्या शेतकऱ्याला या वाटेवर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे, आणि ते स्वस्तही आहे: छाटणीचा पाला जाळून न टाकता झुडपांखालीच ठेवणं, सावलीची झाडं राखणं, माती तपासून खत देणं, कीड दिसेल तिथेच फवारणं.

‘जोडधंदा म्हणजे चहा उपटून दुसरं पीक.’

चहा उपटायची गरजच नाही. निलगिरीत सावलीच्या सिल्व्हर ओकवर काळ्या मिरीचे वेल चढतात. आसामात घराभोवतीच्या सुपारीवरही मिरी होते, आणि तळ्यात मासे, परसात बदकं पाळणं तिथल्या घरांना नवं नाही. आसामात डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चहाला पान जवळपास नसतंच, पण घरखर्च थांबत नाही. ते तीन महिने निभावण्यापुरतं दुसरं उत्पन्न असलं, तर दलालाकडून उचल घ्यावी लागत नाही, आणि उचल नसली की पान कोणाला द्यायचं हे शेतकरी स्वतः ठरवतो. जोडधंद्याचा खरा फायदा हा आहे.

यापुढचं पाऊल म्हणजे स्वतःचा कारखाना, आणि तो एकट्याचा नसतो. निलगिरीत सहकारी चहा कारखाने आहेत, आणि कुन्नूरचा ‘इंडकोसर्व’ हा त्यांचा महासंघ 1965 पासून उभा आहे. त्यांच्याही अडचणी आहेत, भाव तिथेही पडतात. तरी उसाचा सहकार पाहिलेल्या महाराष्ट्राला या वाटेचं मोल वेगळं सांगायला नको. निलगिरीला गेलात तर अशा सहकारी कारखान्याची पुडी मागून घ्या.