शाळेच्या पालकसमूहातील जाहिरात : वैद्याची मर्यादा



संत नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून आमचे नरसी नामदेव सर्वत्र परिचित आहे. आषाढी वारीनंतरच्या परतवारी एकादशीस येथे भाविकांची मोठी दाटी होते. एके काळी औषधांची जाहिरात म्हणजे अशा यात्रेतील फलक, ध्वनिक्षेपक आणि हस्तपत्रके. ज्याला पत्रक नको असे, तो पुढे चालू लागे. आता जाहिरात शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप समूहातून थेट घरात येते. या माध्यमाविषयी आपल्या संघटनेत विचार व्हावा, म्हणून स्वतःकडून घडलेल्या एका चुकीसह हा लेख सादर करीत आहे.

घडलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वी मी पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशनाचा संदेश तयार केला. दिनांक, वेळ, चिकित्सालयाचा पत्ता आणि त्याखाली ‘बुद्धी, स्मृती व व्याधिक्षमत्व वाढते, मेंदूच्या विकारांत उपयुक्त’ अशी ओळ. परिचयातील एका शिक्षकांनी तो आपल्या वर्गाच्या पालकसमूहात टाकला. सायंकाळपर्यंत तो इतर शाळांच्या समूहांतही पोहोचला. वाटेत कोणीतरी त्यात ‘फिट येणाऱ्या मुलांच्या गोळ्या बंद होतात’ असे जोडले.

पुढील महिन्यात एक माता सात वर्षांच्या मुलास घेऊन आली. तिने अपस्माराच्या चालू गोळ्या स्वतःहून थांबवल्या होत्या आणि मुलास दोनदा झटके येऊन गेले होते. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, सरांच्या ग्रुपवर आलं होतं. सरांनी टाकलं म्हटल्यावर खोटं कसं असेल?” मुलास तत्काळ हिंगोलीस पाठवले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि सुदैवाने मूल सावरले. गोळ्यांविषयीची ओळ माझी नव्हती. परंतु तिला जागा करून देणारी, मेंदूच्या विकारांची ओळ माझीच होती.

हा समूह वेगळा का?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्यानंतर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या राज्यस्तरीय उपक्रमाची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरूनच घरोघरी गेली आणि खेड्यापाड्यांतील पालकही वर्गाच्या समूहाशी जोडले गेले. शाळा पुन्हा भरल्या, समूह मात्र राहिले. गृहपाठ, परीक्षा, सुट्टी, शिष्यवृत्तीचे अर्ज यांची सूचना तेथेच येते. त्यामुळे जाहिरात नको म्हणून पालक समूह सोडू शकत नाही. शिवाय तेथे आलेल्या प्रत्येक मजकुराला शिक्षकाच्या शब्दाचे वजन प्राप्त होते. आपण जाहिरात टाकतो, तेव्हा शाळेने वर्षानुवर्षे मिळवलेला विश्वास न विचारता वापरतो.

दुसरे कारण अपत्याविषयीच्या भीतीचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच निरपराध माणसांचा बळी गेला. अशा अफवा व्हॉट्सॲपवरूनच पसरत होत्या. मुलांविषयीचा संदेश पालक तपासत बसत नाहीत, आधी पुढे पाठवतात. ‘आपल्या पाल्याची उंची खुंटली आहे का?’ हा जाहिरातीतील प्रश्न त्याच भीतीला हात घालतो.

शास्त्र काय सांगते?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २९ व्या अध्यायात प्राणाभिसर व रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील रोगाभिसर कोणी आजारी असल्याचे कानी पडताच तेथे धावतो, ऐकू जाईल अशा रीतीने आपले गुण सांगतो, आधीच्या वैद्याचे दोष काढतो, रुग्णाच्या मित्रांना गोड बोलून वश करतो आणि आपली अपेक्षा अल्प असल्याचे भासवतो. रुग्णाकडे त्याच्या मित्रांमार्फत पोहोचण्याची ही रीत आचार्यांनी स्पष्टपणे निंद्य ठरवली आहे. पालकसमूहातील आपले वर्तन या वर्णनाशी कितपत जुळते, हे प्रत्येकाने स्वतःशी ताडून पाहावे.

सुवर्णप्राशनाचा आधार असलेल्या काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात कोणत्या बालकास लेह द्यावा आणि कोणास देऊ नये, याचा विचार आहे. ज्वर, अतिसार, अजीर्ण असलेले बालक तेथे वर्ज्य मानले आहे. म्हणजे परीक्षण आधी, प्राशन नंतर. समूहातील संदेश मात्र सर्व मुलांना एकाच ओळीत उभे करतो.

कायदा काय सांगतो?

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मध्ये जाहिरातीची व्याख्या अतिशय व्यापक आहे. पत्रक, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकेच नव्हे तर प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांद्वारे केलेली घोषणाही तीत येते. अनुसूचीतील ५४ विकार व अवस्थांमध्ये अपस्मार, मेंदूचे विकार, मधुमेह, ज्वर, लठ्ठपणा आणि व्यक्तीची उंची यांचा समावेश आहे. त्यांवरील औषधाच्या जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणत्याही प्रकारे भाग घेण्यास मनाई आहे. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या चिकित्सालयात लावलेल्या फलकास सूट आहे. पालकसमूह म्हणजे आपले चिकित्सालय नव्हे.

औषध नियमांतील नियम १७० हा २०१८ मध्ये आला व १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळला गेला. त्या वगळण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली. ‘आता जाहिरातीस मोकळीक मिळाली’ असा अर्थ काही व्यावसायिक यातून काढतात. तो चुकीचा आहे, कारण १९५४ च्या अधिनियमास त्यामुळे बाध येत नाही. तसेच ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना मुलांना उद्देशून केलेल्या, पुराव्याविना आरोग्यलाभ सांगणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंध करतात आणि शिफारस करणाऱ्यावरही जबाबदारी टाकतात. आपल्या आग्रहाखातर संदेश टाकणाऱ्या शिक्षकास आपण याच अडचणीत ढकलतो.

काय करावे?

व्यवसाय लोकांना कळला पाहिजे, हे मान्य. त्यासाठी मी पुढील नियम पाळतो.

१) पालकसमूहात मी केवळ पालक म्हणून असतो. तेथे चिकित्सालयाची वा औषधाची जाहिरात स्वतः टाकत नाही व इतरांकरवी टाकवत नाही.

२) शाळेने बोलावल्यास मुख्याध्यापकांच्या लेखी अनुमतीने शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालकांच्या सभेत जातो. आहार, निद्रा, कृमी, हातांची स्वच्छता यांवर बोलतो. उत्पादनाचे नाव घेत नाही, सवलतीची चिठ्ठी वाटत नाही.

३) शिक्षकांना वर्गणी, टक्केवारी वा भेटवस्तू देत नाही. औषधालयचालकांनी वह्या-कंपासपेटीवर औषधाचे नाव छापून वाटणेही टाळावे.

४) समूहात कोणी मुलाच्या शय्यामूत्राविषयी वा अन्य तक्रारीविषयी विचारल्यास तेथे उत्तर देत नाही. ‘मुलास घेऊन या’ एवढेच खासगीत कळवतो. चाळीस घरांत चर्चिला गेलेला आजार दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाच्या चेष्टेचा विषय होतो.

५) ज्यांनी स्वतः क्रमांक देऊन संमती दिली, त्यांनाच सूचना पाठवतो. तिचा मजकूर असा : ‘अमुक दिनांकास, अमुक वेळेत सुवर्णप्राशन. आधी बालकाची तपासणी होईल. चालू औषधे व जुने कागद सोबत आणावेत. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.’ खाली नाव व नोंदणी क्रमांक.

६) आपल्या नावाचा बदललेला संदेश आढळल्यास त्याच दिवशी, त्याच समूहात, शिक्षकांच्या अनुमतीने खुलासा करतो.

हे नियम पाळू लागल्यावर पुष्य नक्षत्राच्या दिवशीची माझ्याकडील गर्दी घटली, हे प्रांजळपणे नमूद करतो. आता प्रत्येक बालकाची नाडी व जिव्हा पाहण्यास वेळ मिळतो. ती माता आजही मुलास घेऊन येते, त्याच्या गोळ्या व्यवस्थित चालू आहेत.

जिल्ह्यातील सभासदांनी पुढील बैठकीत या नियमांवर चर्चा करून एक सामायिक आचारसंहिता स्वीकारावी, ही नम्र विनंती. अलमतिविस्तरेण.