एकसष्टाच्या वर्गप्रकृतीतील एक महासंख्या

जळगावलगतचे पिंप्राळा आणि चाळीसगावजवळचे पाटण ही दोन्ही गावे आज एकाच जिल्ह्यात मोडतात. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले, अशी नोंद पाटणच्या इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. लेखाच्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. या ग्रंथांत सिद्धान्तशिरोमणी प्रमुख असून, ११५० मधील 'बीजगणित' हा त्याचाच एक भाग होय.

त्यातील एक उदाहरण असे : कोणत्या पूर्णांकाच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पूर्ण वर्ग येतो? गुणक ६० असता ४ हे उत्तर पुरते व वर्गमूळ ३१ येते. ६२ असता ८ पुरतो व वर्गमूळ ६३ येते. ६१ साठी मात्र लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० असून वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९ आहे.

एकेक संख्या तपासून हे उत्तर हाती लागणे दुष्कर होय. भास्कराचार्यांनी त्यासाठी चक्रवाल रीत योजिली. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक आहे. तेथून एकच आवर्तन केले असता ३९ व ५ ही जोडी मिळते; कारण ३९ चा वर्ग १५२१ हा ६१ × २५ = १५२५ याहून ४ ने उणा आहे. आता ब्रह्मगुप्ताच्या भावनेने या जोडीचा स्वतःशीच संयोग करीत गेल्यास २९,७१८ व ३,८०५ ही मुळे येतात. येथे क्षेप उणे १ असतो. आणखी एकदा संयोग केला की क्षेप अधिक १ होतो. म्हणून

१,७६,६३,१९,०४९ = २ × (२९,७१८)² + १.

यावरून या संख्येचा आणखी एक विशेष कळतो. तिच्यातून १ वजा केल्यास एका वर्गाची दुप्पट उरते. १ मिळविल्यास ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. तिला २२,६१,५३,९८० ने भागले असता ६१ चे वर्गमूळ इतके सूक्ष्म मिळते की चूक दशांशाच्या सतराव्या स्थानापर्यंत पोहोचत नाही.

१६५७ मध्ये फर्मा याने ६१ चेच उदाहरण युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवले. असे समीकरण नेहमीच सुटते, हे पुढे अठराव्या शतकात लाग्रांज याने सिद्ध केले.

भाषाभ्यासकास या संख्येचा उपयोग दुहेरी आहे. पोथीत तिचा एखादा अंक चुकला, तर वरील समीकरण तत्काळ बिघडते. पाठनिर्णयास दुसऱ्या हस्तलिखिताची वाट पाहावी लागत नाही. दुसरे असे की, भास्कराचार्यांच्या स्थानसंज्ञांनी ती १ अब्ज, ७ अर्बुद, ६ कोटी, ६ प्रयुत, ३ लक्ष, १ अयुत, ९ सहस्र, ४ दश व ९ अशी वाचावी लागते. पिंप्राळ्याच्या बाजारात यांपैकी लाख व कोटी हे शब्द चालतात. सहस्राची जागा फारसी 'हजार' ने घेतली आणि अयुत, प्रयुत व अर्बुद हे शब्द व्यवहारातून गेले. नावे पालटली, तरी संख्या मात्र तीच राहिली.